मुलांच्या अद्भुत कादंबऱ्या आणि त्यांचे सिनेमे: मूळ पुस्तकाशी इमान तपासायचं कसं?

कुळागर, फोंडा

गावच्या वाचनालयात मुलांचा वाचनकट्टा चालतो. वयं ९ ते १३, बहुतेक मुलं मराठी प्राथमिकमधून इंग्रजी हायस्कुलात गेलेली. चतुर्थीची सुट्टी संपली की महिन्याला एक जोडी करायचा बेत आहे: आधी कादंबरी, मग तिच्यावरचा सिनेमा, मग गप्पा. गाडी अडते ती गप्पांपाशी. 'पुस्तकच बरं होतं' यापुढे मुलं जात नाहीत, आणि खरं सांगायचं तर मोठेही जात नाहीत. सिनेमा पुस्तकाला किती धरून आहे हे बघायचं, तर नेमकं काय बघायचं? कोणत्या जोड्या घ्याव्यात, कोणत्या टाळाव्यात, आणि मुलांच्या हातात काय द्यावं?

शेवट फुटणार आहेत. ज्यांना नको त्यांनी इथूनच मागे फिरावं.

रापणकार, बेतूल

आधी हिशोब करा, म्हणजे उगाच अपेक्षा धरली जात नाही. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा त्या धंद्यातला ठोकताळा. दोन तासांना १२० पानं, आणि तीही भरपूर मोकळी जागा सोडून टाइप केलेली. तीनशे पानांच्या कादंबरीतलं बरंच काही त्यात बसणारच नाही. तेव्हा 'काय गेलं' म्हणून रडण्याआधी सिनेमाच्या मिनिटांना पुस्तकाच्या प्रकरणांनी भागा.

हॅरी पॉटरचंच घ्या. पहिलं पुस्तक १७ प्रकरणं, सिनेमा १५२ मिनिटं. प्रकरणाला जवळपास ९ मिनिटं. दुसरं १८ प्रकरणं, १६१ मिनिटं, तेही ९. तिसरं २२ आणि १४२, म्हणजे साडेसहा. चौथं ३७ आणि १५७, सव्वाचार. पाचवं सगळ्यांत जाड पुस्तक, ३८ प्रकरणं, आणि सिनेमा १३८ मिनिटांचा: प्रकरणाला साडेतीन मिनिटं आणि वर थोडे सेकंद. पहिले दोन सिनेमे पुस्तकाला चिकटून वाटतात आणि पाचवा धावतो, त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे. सातव्याचे दोन भाग केले (१४६ आणि १३० मिनिटं), तेव्हा तो आकडा पुन्हा साडेसातच्या वर गेला.

माझी शिफारस सरळ आहे. प्रकरणाला ८ मिनिटांच्या वर असेल ती जोडी घ्या. नार्नियाचा पहिला सिनेमा, २००५ चा: १७ प्रकरणं, १४३ मिनिटं. बसतो.

अबोली, डिचोली

रापणकार, हिशोब छान, पण तुमच्याच सूत्राने 'द हॉबिट' जगातला सर्वांत इमानी सिनेमा ठरेल. १९३७ चं पुस्तक, १९ प्रकरणं. सिनेमे तीन: १६९, १६१, १४४ मिनिटं. बेरीज ४७४, म्हणजे प्रकरणाला जवळजवळ २५ मिनिटं! आणि त्या वेळात काय भरलं? पुस्तकात नसलेली एल्फ टॉरिएल, पुस्तकात न दिसणारा एल्फ लेगोलस, आणि पुस्तकाच्या आधीच मेलेला राक्षसांचा म्होरक्या अॅझोग तिन्ही भागांत पाठलाग करतोय. पुस्तकात शेवटच्या लढाईत नायक बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो आणि तो बेशुद्ध पडतो, लढाईचा शेवट त्याला नंतर कळतो. लहानशा माणसाच्या नजरेतून सांगितलेली गोष्ट ती. सिनेमातही त्याला शुद्ध हरपते, पण तिसऱ्या भागाचा मोठा हिस्सा लढाईनेच भरलेला आहे. वेळ कमी पडला की काटछाट होते, जास्त झाला की भर पडते. मिनिटांवरून इमान कळत नाही.

मी मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगेन: या गोष्टीत जादूची किंमत काय, आणि ती सिनेमात कोण भरतं?

चांगल्या अद्भुत कादंबरीत जादू फुकट नसते. प्रसंग गाळले, पात्रं जोडली, क्रम फिरवला, तरी गोष्ट तग धरते. किंमत गाळली की ती कोसळते. आपल्याकडे काल्याच्या नाटकात संकासुर हवं ते बोलतो, गावच्या सरपंचाची टिंगल करतो, कोणी हरकत घेत नाही. शाप आणि उःशाप मात्र कोणी बदलत नाही, कारण कथा त्यावरच उभी. हे तसंच.

मिखाएल एंडे यांची 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' घ्या, मूळ जर्मन, १९७९. प्रकरणं २६, प्रत्येकाचं पहिलं अक्षर ए ते झेड क्रमाने. १९८४ चा सिनेमा जेमतेम पहिल्या अर्ध्यावर थांबतो. यावर बोट ठेवून लोक म्हणतात, अर्धंच पुस्तक घेतलं. पण अर्धं घेणं हा गुन्हा नाही. खरी गोम दुसऱ्या अर्ध्यात आहे. तिथे गोष्ट वाचणारा मुलगा बास्टियन स्वतःच त्या जगात शिरतो, त्याची प्रत्येक इच्छा पुरी होते आणि प्रत्येक इच्छेला एक आठवण खर्ची पडते. आधी आपण लठ्ठ आणि भित्रे होतो हे तो विसरतो, मग शाळा, मग आईवडील, शेवटी स्वतःचं नाव. ज्यांच्या सगळ्या आठवणी संपल्या त्यांचं एक वेड्यांचं शहरच आहे त्या पुस्तकात. आणि सिनेमाचा शेवट? बास्टियन इच्छा मागतो, उडत्या ड्रॅगनवर बसतो आणि त्रास देणाऱ्या पोरांना गल्लीत पळवतो. फुकट. पुस्तक ज्या गोष्टीविरुद्ध लिहिलंय नेमकी तीच गोष्ट सिनेमात बक्षीस म्हणून येते.

पाटोपूल, पणजी

अबोलीबाय, मुद्दा पटला. एक जोड देतो. एंडेने त्या सिनेमातून आपलं नाव काढायला लावलं, खटलाही भरला आणि हरला. हे किस्से मुलांना सांगायला बरे असतात, पण लेखक रागावला हा पुरावा धरू नका. रोआल्ड डाल १९७१ च्या चॉकलेट कारखान्याच्या सिनेमावर नाराज होता, पटकथेवर त्याचंच नाव असूनही. ती दुसऱ्याने बरीच बदलली होती. पण त्या सिनेमात एक गोष्ट घडली आहे जी अबोलीबायच्या कसोटीला उलटी बसते. पुस्तकात चार्ली काहीच चूक करत नाही, तो नुसता चांगला मुलगा म्हणून शेवटपर्यंत टिकतो. सिनेमात तो आणि आजोबा चोरून ते वर तरंगवणारं पेय पितात, म्हणजे तोही नियम मोडतो. मग कारखान्याचा मालक वोंका त्याला हाकलतो, आणि चार्ली ती न संपणारी गोळी टेबलावर परत ठेवतो, तेव्हा कारखाना त्याला मिळतो. किंमत पुस्तकात नव्हती, सिनेमाने घातली!

उलट २००५ चा सिनेमा तपशिलाला जास्त धरून आहे. पुस्तकातल्या अक्रोड फोडणाऱ्या खारी १९७१ मध्ये जमल्या नाहीत म्हणून तिथे सोन्याची अंडी घालणाऱ्या हंसिणी आल्या. २००५ मध्ये खऱ्या खारी शिकवून तयार केल्या, जोडीला यांत्रिक आणि संगणकावरच्या. पण त्यातच वोंकाला दाताचा डॉक्टर बाप चिकटवला, जो पुस्तकात औषधालाही नाही. आता सांगा, इमानी कोण?

अबोली, डिचोली

पाटोपूल, तपशिलाला २००५, गोष्टीच्या हाडाला १९७१. म्हणूनच मुलांना द्यायच्या कागदावर दोन वेगळे रकाने हवेत, एकच गुण देऊ नये.

सत्तरीकर, वाळपई

मी किंमतीपेक्षा साखळीवर भर देईन. एक कडी काढली की पुढच्या कुठल्या निखळतात ते मुलांना शोधू द्या. त्यांना पोलिसगिरी आवडते.

नमुना म्हणून हॅरी पॉटर चौथा. पुस्तकात तळ्याखालच्या फेरीसाठी लागणारी गिलीवीड, म्हणजे पाण्यात श्वास घेऊ देणारी वनस्पती, डॉबी हा घरकामाचा एल्फ आणून देतो. सिनेमात डॉबी नाही, विंकी ही दुसरी एल्फही नाही, म्हणून ती हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल देतो. वरवर हुशार बदल, कारण वनस्पतीशास्त्राचं पुस्तक नेव्हिलकडे दोन्हीकडे असतं. पुस्तकातली मजा अशी की खोटा मूडी (मूडी या शिक्षकाचं सोंग घेतलेला खलनायक) ते पुस्तक नेव्हिलला देतो, हॅरी कोणाला विचारेल याची वाट बघतो, आणि हॅरी विचारतच नाही. शेवटी डॉबीच्या कानावर पडेल असं बोलून त्याला आपलं काम करून घ्यावं लागतं. खलनायकाचा डाव फसतो आणि तो सावरतो. सिनेमात डाव पहिल्याच फटक्यात लागतो. आता विंकी गेली म्हणून काय गेलं बघा: विश्वचषकाच्या वरच्या कक्षातली ती रिकामी राखून ठेवलेली खुर्ची गेली. म्हणजे गुन्हेगार वाचकाच्या नाकासमोर बसला होता ही खूण गेली. मग सिनेमाला तो माणूस सुरुवातीच्या स्वप्नातच दाखवावा लागला, आणि रहस्य अर्धं तिथेच सांडलं. एक घरकामाची एल्फ काढली तर एवढं.

तिसऱ्याचं तर हळहळ वाटावं इतकं थोडक्यात हुकलं. २००४ चा सिनेमा दिसायला मालिकेतला सर्वांत देखणा. पण हॅरीला मिळालेला शाळेचा जादूचा नकाशा कोणी बनवला हे तो कुठेच सांगत नाही. नकाशावरची चार टोपणनावं म्हणजे ल्युपिन, पेटिग्र्यू, सिरियस आणि हॅरीचे वडील. वडील हरणाचं रूप घ्यायचे. हे माहीत नसेल तर तळ्याकाठी हॅरीच्या कांडीतून हरीणच का येतं ते प्रेक्षकाला कळायचं नाही. ल्युपिनच्या तोंडी एक वाक्य घातलं असतं तर दहा सेकंदांत काम झालं असतं. इथे वेळेची सबब चालत नाही, रापणकार.

रापणकार, बेतूल

चालत नाही, कबूल. तरी पाचव्याला माझा हिशोब लागू आहेच.

माटोळी, माशेल

सगळे इमानाच्या मागे लागलेत म्हणून दुसरी बाजू. मियाझाकींचा 'हाउल्स मूव्हिंग कॅसल', २००४. डायना विन जोन्सची कादंबरी १९८६ ची. पुस्तकात जादूगार हाउल मुळात वेल्सचा, आपल्या जगातला माणूस. सिनेमात तो धागाच नाही. पुस्तकात सोफी वस्तूंशी बोलते आणि त्यांच्यात जीव येतो, ही तिची स्वतःची जादू. सिनेमाने तिकडे काणाडोळा केला. वर युद्ध आणून मध्यभागी बसवलं. साखळीवाल्या सत्तरीकरांच्या हिशोबात नापास.

पण एक जागा बघा. शापाने म्हाताऱ्या झालेल्या सोफीचं वय सिनेमात सारखं हलतं. झोपली की चेहरा तरुण, मनापासून बोलायला लागली की पाठ सरळ होते, सुरकुत्या विरतात. 'मी कुठली सुंदर' असं म्हणाली की त्याच वाक्यात परत म्हातारी. कोणी बोलून दाखवत नाही. शाप बाहेरून पडला असला तरी अर्धा तीच धरून बसलीय, ही पुस्तकातली गोष्ट चित्राने अशी सांगितली. हे रकान्यात कुठे मांडणार? 'बदललं' की 'राखलं'?

अबोली, डिचोली

'चित्राने सांगितलं' असा तिसरा रकाना. छान सापडला.

चिखलकालो, माशेल

एका चुकीच्या समजाबद्दल. 'बदल केला म्हणजे दिग्दर्शकाला पुस्तक कळलं नाही' असं मुलं पटकन म्हणतात. पुष्कळदा कारण अगदी साधं असतं. १९०० सालच्या ऑझच्या पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे. १९३९ च्या सिनेमात माणकांसारखे लाल, कारण टेक्निकलर नवं होतं आणि पिवळ्या रस्त्यावर लाल रंग उठून दिसतो. हा बदल निरुपद्रवी. त्याच सिनेमातला दुसरा मात्र नाही: पुस्तकात ऑझ खरोखर आहे, सिनेमात ते डोक्याला मार लागल्यावर पडलेलं स्वप्न. मुलांना विचारा, दोहोंतला मोठा बदल कोणता. बूट सगळ्यांना आठवतात, स्वप्नाकडे थोड्यांचंच लक्ष जातं.

व्यापारी कारणही असतं. 'नॉर्दर्न लाइट्स'वरचा २००७ चा सिनेमा, 'द गोल्डन कंपास'. पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं सिनेमात नाहीत. चित्रीकरण झालं होतं, पण पुढच्या भागासाठी राखून ठेवलं, आणि पुढचा भाग निघालाच नाही. अबोलीबायच्या कसोटीवर हे सर्वांत वाईट उदाहरण, कारण त्याच प्रकरणांत दुसऱ्या जगाचा रस्ता उघडतो आणि त्याची किंमत म्हणजे नायिका लायराच्या मित्राचा, रॉजरचा जीव. सिनेमात रॉजर आणि लायरा आशेने फुग्यातून उडत जातात, संपलं. शिवाय अस्वलांची झुंज आणि बोल्व्हांगारमध्ये डांबलेल्या मुलांची सुटका यांचा क्रम उलटा केलाय, लढाई शेवटी यावी म्हणून. २०१९ ची मालिका घ्या त्यापेक्षा, पहिल्या पुस्तकाला ८ भाग आहेत.

कुळागर, फोंडा

देव बरें करूं सगळ्यांचं. किंमतीची कसोटी मुलांना पटकन कळेल असं वाटतं. सर्वांत सोपं, एका ओळीत सांगता येईल असं उदाहरण कोणतं?

अबोली, डिचोली

पर्सी जॅक्सनचे मोती. २००५ चं पहिलं पुस्तक, २०१० चा सिनेमा. पाताळातून बाहेर यायला मोती तीन, माणसं चार: पर्सी, दोघं सोबती आणि आई. पुस्तकात पर्सी आईला मागे ठेवून येतो. बारा वर्षांचा मुलगा, आईसाठीच एवढ्या लांब आलेला. सिनेमात ग्रोव्हर मागे राहतो, तोही हसत, आणि आई घरी येते. गणित तेच, तीन आणि चार. किंमत पार उतरली. मुलांना नुसतं विचारा, 'तुम्ही कोणाला ठेवून आला असता?' अर्धा तास निघतो. सिनेमात पर्सीचं वयही वाढवून सोळाच्या आसपास नेलंय, त्यामुळे तो प्रश्न आणखी बोथट होतो.

दुसरं उदाहरण नार्नियातलं, 'डॉन ट्रेडर'. युस्टेस नावाचा मुलगा ड्रॅगन होतो. पुस्तकात तो स्वतः कातडी सोलून काढायला जातो, एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी खाली नवी कातडी. मग सिंह अस्लान पंजा रोवतो तो काळजापर्यंत गेल्यासारखा दुखतो, आणि सोललेल्या अंगाने त्याला पाण्यात टाकतो. २०१० च्या सिनेमात अस्लान वाळूवर पंजा ओढतो आणि लांबूनच ड्रॅगनचं अंग उजळून फाटतं. मुलाने स्वतः तीनदा केलेला फोल प्रयत्न गायब. त्याऐवजी हिरवं धुकं आणि सात तलवारी गोळा करायचं काम, जे पुस्तकात नाहीच.

पाटोपूल, पणजी

आता कामाचं. घरच्या ओटीटीचं सदस्यत्व घरापुरतं असतं, वाचनालयाच्या सभागृहात तो लावून दाखवणं त्यात बसत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला सवलत आहे: संस्थेच्या उपक्रमात सिनेमा दाखवता येतो, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसंच हवीत. तेव्हा खेळ शाळेतर्फे, शाळेत, शाळेच्या मुलांसाठी ठेवा. तिकीट नको, जाहीर फलक नको. पुस्तकाच्या प्रती कमी पडल्या तर पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बघा, मुलांचा विभाग चांगला आहे.

पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली संवाद ऐकू येत नाहीत, आवाज कितीही वाढवा. उपशीर्षकं चालू ठेवा. लहानांचं उपशीर्षकं वाचण्यात चित्र निसटतं, म्हणून दहाच्या खालच्यांना हिंदी डब बरा. आणि अडीच तास एका बैठकीत नको. मध्यंतर घड्याळ बघून न टाकता प्रकरण बघून टाका: नार्निया दाखवताना एडमंड बीव्हरांच्या घरातून नाहीसा झालेला कळतो तिथे थांबा. पोरं बाहेर जाऊन आपोआप भांडतात, तुम्हाला काही करावं लागत नाही.

सत्तरीकर, वाळपई

कागद असा करा. पुस्तक वाचतानाच, सिनेमाच्या आधी, प्रत्येक प्रकरणाला एक ओळ: काय घडलं, कोणाला काय कळलं, कोणी काय गमावलं. तीन रकाने, ओळीला दहा-बारा शब्दांच्या वर नाहीत, नाहीतर मुलं सारांश लिहायला लागतात. चौथा रकाना कोरा. सिनेमा बघताना त्यात एकच अक्षर: राखलं 'रा', हलवलं 'ह', दुसऱ्या पात्राला दिलं 'दु', गाळलं 'गा', चित्राने सांगितलं 'चि'. नवीन घातलेलं मागच्या बाजूला. अंधारात लिहिता येत नाही, म्हणून मधल्या सुट्टीत आणि शेवटी पाच-पाच मिनिटं द्या. पूर्ण पुस्तकाचा कागद एका मुलाला देऊ नका. १७ प्रकरणं चार गटांत वाटा, म्हणजे प्रत्येकी चार-पाच.

नेहमी चुकतं ते इथे: मुलं 'गा' मोजतात आणि ज्याला जास्त तो सिनेमा वाईट म्हणतात. म्हणून शेवटी फक्त तिसऱ्या रकान्याकडे, गमावण्याच्या, बोट दाखवा आणि तेवढंच वाचून घ्या.

माटोळी, माशेल

सगळं साहेबाच्या देशातलंच का पण? सत्यजित राय यांचा 'गुपी गायेन बाघा बायेन', १९६९. गोष्ट त्यांच्याच आजोबांची, उपेंद्रकिशोर राय चौधरींची. भुतांचा नाच बघा: राजे, साहेब, गरीब शेतकरी आणि ढेरपोटे, असे चार तांडे, शब्द एकही नाही. गोष्टीतल्या ओळीचा दिग्दर्शकाने केवढा विस्तार केलाय, आणि भर घालूनही गोष्ट आजोबांचीच राहते. भुतांच्या राजाने दोघा नायकांना दिलेल्या वराला अटही आहे: दोघांनी मिळून टाळी दिली तरच जादू, एकट्याला काही मिळत नाही. काळापांढरा आहे म्हणून मुलं पहिली दहा मिनिटं कुरकुरतील, भुतं आली की गप्प. शेवटचा प्रसंग रंगीत आहे, आधी सांगू नका.

कुळागर, फोंडा

मग पहिली जोडी डालची 'द विचेस' घेतो, म्हणजे एका पुस्तकाला दोन सिनेमे मिळतात. पुस्तकात चेटकिणींनी उंदीर केलेला मुलगा शेवटपर्यंत उंदीरच राहतो. आपण अजून नऊएक वर्षं जगणार हे कळल्यावर तो खूश होतो, कारण आजी ८६ वर्षांची आहे आणि तिच्यामागे त्याला राहायचंच नाही. १९९० च्या सिनेमात एक चांगली चेटकीण येऊन त्याला परत माणूस करते. २०२० च्या सिनेमात तो उंदीरच राहतो. गमावण्याच्या रकान्याला याहून सोपं काय असणार?

चिखलकालो, माशेल

चालेल, पण १९९० मधला मुखवटा सोलायचा प्रसंग आठ-नऊ वर्षांच्यांना जड जातो, त्यांना तेवढा वेळ बाहेर काढा. २०२० मध्ये चेटकिणींच्या हातांना बोटं कमी दाखवलीत, ते पुस्तकात नाही. पुस्तकात नखांऐवजी नख्या आहेत. अपंगांच्या संघटनांनी आक्षेप घेतला आणि कंपनीने माफीही मागितली होती. वर्गात तसं कोणी मूल असेल तर आधी पालकांशी बोला. आणि दोन्ही पूर्ण दाखवू नका: २०२० चा पूर्ण, १९९० ची फक्त शेवटची पंधरा मिनिटं.